मागच्या भागाची बेल

गुरलिंग कोरे यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आमच्या शहराच्या परिवहन उपक्रमाच्या बसनं पाडलं. भर दुपारी, बँड वाजत असताना, हार घातलेल्या बसनं. गुरलिंग कोरे म्हणजे माझे वडील, आणि त्या बसच्या मागच्या भागाचा वाहक मी. झालं, गोष्ट संपली.

आता हे काही झालंच नाही असं धरून पुढं वाचा. उपक्रमही तसंच धरतो, तेव्हा तुम्हाला जड जाऊ नये. सकाळ आहे. दुकान उभं आहे. अप्पा पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधतायत आणि मी नव्याकोऱ्या खाकी गणवेशात त्यांच्यासमोर उभा आहे.

"वळ की जरा," अप्पा म्हणाले.

मी वळलो.

"मागून ढगळ आहे."

"मागून कोण बघतंय, अप्पा."

"तू बसच्या मागंच उभारणार नव्हं? मग मागूनच बघतील लोक."

मी रोजंदारीवरचा वाहक होतो. म्हणजे कायम नोकरीतला एखादा वाहक आजारी पडला तरच मला काम. रोज सकाळी डेपोत जाऊन मी सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करायचो आणि सगळे ठणठणीत निघाले की तोंड पाडून परत यायचो. आमच्या डेपोत इतका काळजीवाहू माणूस दुसरा नव्हता. पण या खेपेला डेपो मॅनेजर पोतनीस साहेबांनी चारचौघांत सांगितलं होतं, की नव्या जोडबसवर जो काम करेल त्याला आधी कायम करू. कायम वाहकांपैकी मागच्या भागात जायला कुणी तयार नव्हतं. तिथून ड्रायव्हर दिसत नाही, त्याच्याशी गप्पा मारता येत नाहीत, चहा कुठं थांबून प्यायचा ते ठरवता येत नाही. म्हणून मी.

"आज पोतनीस साहेबाला आठवण कर," अप्पा म्हणाले. "पण हसत कर. तुझा चेहरा असा आहे की माणसाला वाटतं तू थट्टा करतोयस."

"मी थट्टाच करत असतो."

"तेच म्हणतो. आजचा दिवस नको करू."

अप्पांचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, आमच्या पेठेच्या तोंडाशी, मोठा रस्ता जिथं बोळात वळतो तिथल्या कोपऱ्यावर. आत सिद्धेश्वराच्या तसबिरीशेजारी महापालिकेचा परवाना फ्रेम करून लावलेला. दोन्हींना रोज हार. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, घरातलं कुणीतरी नुकतंच वारलंय. बोळाच्या तोंडावर, दुकानाला अगदी खेटून, दोन जाडजूड खांबांवर कै. बापूराव घोडके स्वागत कमान उभी. बापूराव म्हणजे परिवहन सभापती राजाभाऊ घोडके यांचे वडील. एका गणपतीत कापडाची कमान लावली, दुसऱ्या गणपतीत बांबूची, तिसऱ्या वर्षी सगळे आरतीत असताना सिमेंट ओतलं. परवाना कुणी विचारला नाही. कमान आडवी आलीच कधी तर ती अप्पांच्या दुकानाच्याच आडवी येणार, हे आम्हाला माहीत होतं. फक्त ती एवढी नवी बस घेऊन येईल असं वाटलं नव्हतं.

नवी म्हणजे आम्हाला नवी. तिचा इतिहास इथंच सांगून टाकतो, कारण उपक्रमाच्या इतिहासात तो सापडायचा नाही.

मॉडेलचं नाव गजराज. मूळ कल्पना कुठल्याशा थंड देशातली. तिकडं रस्ते रुंद आणि माणसं कमी, त्यामुळे दोन बस एकामागं एक जोडल्या तरी कुणाच्या पोटात दुखत नव्हतं. इकडच्या एका कारखान्यानं ती कल्पना उचलली आणि आपल्या हवामानाला सोसेल अशी केली, म्हणजे पंखे काढून टाकले. पुढच्या अर्ध्या भागात इंजिन आणि ड्रायव्हर, मागच्या अर्ध्या भागात नुसतीच माणसं, आणि मध्ये पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा रबरी जोड. आम्ही त्याला भाताच म्हणायचो. वळणावर तो एका बाजूनं मिटायचा, दुसऱ्या बाजूनं उघडायचा, आणि सुस्कारा टाकायचा. एका महानगरानं असे पुष्कळ गजराज घेतले. मग भाते फाटले, पावसात लोक बसच्या आत छत्र्या उघडून उभे राहू लागले, तेव्हा महानगरानं ते एकेक करून काढून टाकले. थोरल्या भावाची विजार धाकट्याला येते तसा त्यातला एक आमच्या शहराला आला. आतल्या पाट्या दुसऱ्याच भाषेत होत्या. एका बाकावर कुणासाठी तरी राखीव असं लिहिलं होतं, पण कुणासाठी ते वाचता येत नसल्यामुळे त्यावर भीतीनं कुणी बसत नसे.

बस चालवायला मुजावर चाचांना नेमलं होतं. डेपोतले सर्वांत जुने ड्रायव्हर, सर्वांत कमी बोलणारे. माझ्यासाठी त्यांनी बेलचे नियम ठरवून दिले, आणि पोतनीस साहेबांनी ते सही करून बसमध्ये लावले.

"मला मागचं काय दिसत नाही," ते म्हणाले. "तूच माझे डोळे. एक बेल, थांबतो. दोन बेल, जातो. तीन बेल, मागं घेतो. मधल्या मधी बोंबलायचं नाही, मला ऐकू येत नाही."

"आणि चाचा, चार बेल दिल्या तर?"

"तर खाली उतरून तुला हाणतो."

ठरलेला मार्ग चांगला होता. डेपो, रेल्वे स्टेशन, रिंग रोड, नवी एमआयडीसी. सगळीकडं रुंद रस्ता. पण आमच्याकडं नवी गाडी, मग ती सायकल असो की रोडरोलर, आधी पेठेतल्या मरीआईला नेतात. लिंबू चाकाखाली, नारळ दगडावर, आणि मगच गाडी रस्त्याला. डेपोतली प्रत्येक बस अशीच गेलेली. चाचाही दर्शन न झालेल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावत नसत. आणि मरीआई आमच्या बोळाच्या टोकाला बसलेली.

डेपोत मांडवाखाली पोतनीस साहेब हळूच म्हणाले, "राजाभाऊ, बोळ जरा अरुंद पडेल. देवीचा अंगारा इथंच आणवू का?"

राजाभाऊंच्या गळ्यात इतके हार होते की ते मान वळवायच्या ऐवजी सगळेच वळले. "म्हणजे देवीनं डेपोत यायचं? ती काय आरटीओ आहे?"

सगळे हसले. पोतनीस साहेब सगळ्यांत शेवटी हसले आणि सगळ्यांत शेवटी थांबले. मी ठरवल्याप्रमाणे हसऱ्या चेहऱ्यानं त्यांच्याजवळ गेलो.

"साहेब, ते कायमचं."

"आजचा कार्यक्रम नीट पार पाड, कोरे. उद्या तुझा कागद पुढं पाठवतो."

मी मागच्या भागात चढलो. पुढं राजाभाऊ आणि पाहुणे, मागं राजाभाऊंचे कार्यकर्ते. बँड चालत पुढं. आम्ही इतक्या हळू निघालो की वाटेत एक म्हातारी मागच्या दारातून चढली, बस बघितली, आणि पुढच्या दारातून उतरून आमच्याआधी बाजारात पोचली.

बोळाच्या तोंडाशी चाचांनी गाडी डावीकडं घेतली. पुढचा भाग कमानीखालून आत शिरला. बँडवाल्यांनी जोर लावला. मग भात्यानं एक लांब सुस्कारा टाकला, पत्रा करवादला, आणि बस थांबली. पुढच्या भागाचा उजवा कोपरा कमानीच्या खांबाला टेकला होता. मागचा भाग कोपरा कापत येऊन अप्पांच्या दुकानापासून हातभर अंतरावर उभा होता. माझ्या खिडकीतून परवाना दिसत होता. त्याच्यावरचा हार ताजा होता.

खिडकीखाली अप्पा आले. हातात पाना.

"वळतीय की," ते म्हणाले. "जरा पुढं घेऊन मग मागं घ्या. हातगाडीला आम्ही तसंच करतो."

चाचांनी जरा पुढं घेतली. बस आणखी अडकली. मग अर्ध्या पेठेनं सल्ला दिला आणि प्रत्येक सल्ल्यानं बस थोडी थोडी आत रुतत गेली. एकानं सांगितलं चाकाची हवा काढा. एकानं सांगितलं पुढच्या माणसांना मागं बसवा. एक शाळामास्तर म्हणाले की दोन्ही भाग सोडवून वेगवेगळे काढता येतील, आणि त्यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. बँड वाजतच होता, कारण त्यांना थांबा असं सांगायची जबाबदारी नेमकी कुणाची ते ठरलं नव्हतं.

पुढची दारं कमानीला चिकटून बंद झाली होती. मागचं एकच दार उघडत होतं. पाहुणे भात्यातून अंग चोरून मागं आले आणि कार्यकर्त्यांबरोबर उतरून गेले. राजाभाऊ आले नाहीत. वडिलांच्या नावाच्या कमानीखाली सभापतींनी मागच्या दारानं उतरावं हे त्यांना पटेना. ते पुढच्या बाकावर हारांत बसून राहिले.

शेवटी पोतनीस साहेबांनी खाली वाकून, मागं जाऊन, पुढं येऊन बघितलं. निघायला वाटा दोनच होत्या. पुढं घ्यायची तर कमानीचा खांब फोडावा लागणार. मागं घ्यायची तर मागचा भाग दुकानावरून जाणार.

"खांब फोडू," चाचा खिडकीतून म्हणाले. "सिमेंटचा काय, परत बांधता येतो."

राजाभाऊ आतूनच बोलले. आवाज अगदी शांत होता. "चाचा, तो खांब नाही. आमचे बापू आहेत ते."

माणूस सिमेंटचा झाल्यावर त्याला फोडणं खरंच अवघड असतं.

"मागं घ्या," पोतनीस साहेब म्हणाले.

"बेल आल्याशिवाय नाय घेत," चाचा म्हणाले.

"मी सांगतोय ना. मी डेपो मॅनेजर आहे."

"तुम्ही मॅनेजर आहात साहेब, बेल नाही. मागचं मला दिसत नाही. वाहकानं तीन बेल दिल्या की घेतो, नायतर इथंच बसतो. हा नियम तुम्हीच सही करून लावलाय."

आणि त्यांनी इंजिन बंद केलं. चाचांनी ते माझ्यासाठी केलं, हे मला लगेच कळलं.

पोतनीस साहेब मागच्या दारातून चढले. माझ्याजवळ आले.

"कोरे, तीन बेल दे."

"साहेब, ते आमचं दुकान आहे."

"माहीत आहे मला. नुकसानभरपाईचं बघू."

"त्याला परवाना आहे साहेब. कमानीला नाही."

"हे बघ," ते म्हणाले. आवाज खाली आणला. ते वाईट नव्हते. त्यांना फक्त घरी जायचं होतं. "तू बेल दिलीस तर उद्या तुझा कागद जातो. नाही दिलीस तर तू आत्ता या क्षणाला ड्युटीवर नाहीस, आणि परत कधी नसशील. माझ्या हातात यापेक्षा काही नाही. विचार कर."

मी म्हणालो, "मी नाही देणार."

हे मी फार शूर आवाजात म्हणालो असं नाही. ऐकणाऱ्याला वाटलं असेल मी तिकिटाचे सुटे नाहीत असं सांगतोय.

साहेब राजाभाऊंना कळवायला भात्यातून पुढं गेले. तेवढ्यात मागच्या दारातून अप्पा चढले. चपला दारात काढल्या. आमच्या बसमध्ये कुणी चपला काढून चढलेलं मी आधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. इकडंतिकडं बघितलं आणि नेमके त्या राखीव बाकावर बसले.

"छान आहे," ते म्हणाले. "ऐसपैस."

"अप्पा, उतरा. मी बेल देत नाही. बसू दे त्यांना इथंच दिवाळीपर्यंत."

"काय म्हणाला साहेब?"

"काय नाही."

"ऐकलं मी. खिडकी उघडी आहे." त्यांनी हाताची वंगणाची बोटं धोतराला पुसली. "बेल कुठली?"

"ही. वरची दोरी."

"हीच ओढायची? मला वाटलं बटण असंल."

"बटण जळालंय. अप्पा, जावा तुम्ही दुकानात."

"दुकानात जाऊन काय करू, तिथं उभारायला जागा नाही." मग म्हणाले, "मल्लू, तुझं डोकं गरम झालंय. असं कर, खाली जा. तो परवाना काढून घे भिंतीवरचा, आणि देवाची तसबीर. उगं काचेला धक्का लागायला नको. पंप घे. टब पण घे, पाणी ओतून."

"म्हणजे तुम्ही द्यायला लावताय मला बेल."

"कोण म्हणतंय? तू नाही म्हणालास ना साहेबाला, मग नाहीच. बापाचं काम सांगितलंय तेवढं कर. मी बसतो इथं, जरा पाय दुखतायत."

मी उतरलो. त्यांनी सांगितलं म्हणून उतरलो, आणि खरं तर मला त्यांच्यासमोर उभं राहवत नव्हतं म्हणूनही. शेजारचा इस्त्रीवाला आणि मी मिळून सामान बाहेर काढलं. तसबीर काढली. परवाना काढला. त्याच्या मागं भिंतीवर चौकोनी स्वच्छ डाग होता. पंप काढला. शेवटी टब उचलला आणि रस्त्यापलीकडं जाऊन पाणी गटारात ओतत होतो, तेव्हा बेल ऐकू आली.

एक.

मी वळलो. बसच्या मागच्या काचेतून अप्पांचा वर गेलेला हात दिसला.

दोन. जरा थांबून, मोजल्यासारखी, तीन.

चाचांना मागचं दिसत नव्हतं. त्यांनी इंजिन सुरू केलं. मी धावलो, बोंबललो, पण मधल्या मधी बोंबललेलं त्यांना ऐकू येत नव्हतं, हे ते आधीच सांगून बसले होते. मागचा भाग तिरका होत दुकानावर गेला. पत्रा आधी वाकला, मग दुमडला, मग खाली बसला. फार आवाजही झाला नाही. सायकलींच्या घंट्या तेवढ्या वाजल्या, लटकवलेल्या सगळ्या एकदम. त्यावर बँडवाल्यांना वाटलं बस सुटली, आणि त्यांनी मिरवणुकीची चाल धरली.

बस मोकळी झाली. राजाभाऊ पुढच्या दारानं उतरले. अप्पा मागच्या दारानं उतरले आणि चपला घालू लागले. चाचा खाली आले, दोरी ओढणाऱ्या माणसाला बघायला मागं आले, आणि अप्पांना बघून तिथंच रस्त्यावर उकिडवे बसले.

"गुरलिंग, तू?" एवढंच म्हणाले.

"नियमात बसलं ना?" अप्पा म्हणाले. मग पोतनीस साहेबांकडं वळले. "साहेब, पोरगं ड्युटीवरच होतं. मीच त्याला खाली पाठवलं, बापाचं काम होतं. बेल मिळाली तुम्हाला. त्याचा कागद उद्या पाठवा."

साहेब म्हणाले, "पाठवतो, कोरे. शब्द देतो."

त्यांनी पाठवलाही. शब्दाला ते पक्के होते. कागद परत आला. मरीआईचं दर्शन अर्धवट राहिल्यामुळे बस मार्गावर घालायला कुणी धजलं नाही. उद्या परवा करत ती डेपोच्या कोपऱ्यात उभी राहिली. मग चौकशी लागली. चौकशीत निघालं की ठरलेल्या मार्गात आमचा बोळ नव्हता. बोळ मार्गात नव्हता म्हणजे बस तिथं गेलेली नाही. बस गेली नाही म्हणजे दुकान बसनं पडलेलं नाही. मग पडलं कशानं, तर त्याच महिन्यातल्या अतिक्रमण मोहिमेत ते पाडल्याची नोंद करून घेण्यात आली आणि मोहीम यशस्वी झाली. बस मार्गावर आलीच नाही, त्यामुळे तिच्यावर कुणी काम केलं नाही, त्यामुळे जो तिच्यावर काम करेल त्याला कायम करण्याचा प्रश्न आला नाही. मुजावर चाचांवर मात्र कारवाई झाली, कुठंही न गेलेली बस बेदरकारपणे मागं घेतल्याबद्दल. पगारवाढ रोखली. चाचांनी अपील केलं नाही. म्हणाले, दुसऱ्याच्या बेलवर गाडी हलवली, तेवढी शिक्षा बरोबर आहे.

काही वर्षांनी भंगाराचा लिलाव झाला. एवढ्या लांबीची वस्तू भंगारात बसत नव्हती, म्हणून गजराज भात्यापाशी कापून दोन बस म्हणून विकला. उपक्रमाच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तकात आमच्या सगळ्या जुन्या गाड्यांचे फोटो आहेत, घोड्याच्या टांग्यासकट. गजराज नाही.

राजाभाऊ मोठ्या मनाचे निघाले. त्यांनी अप्पांना कमानीच्या त्याच खांबाला टेकून बसायची परवानगी दिली. तोंडी. अप्पा तिथं टब आणि पंप घेऊन बसायचे. मी डेपो सोडला आणि लोकांच्या घरी जेवणाचे डबे पोचवू लागलो; सायकलची हवा अप्पांकडूनच भरून घ्यायचो. एकदा विचारलं, "अप्पा, का ओढली दोरी?"

त्यांनी ट्यूब पाण्यात दाबली. "तू ओढली असतीस तरी पडलं असतं. नसती ओढलीस तरी त्यांनी दुसऱ्या कुणाकडून ओढून घेतली असती. मग म्हटलं निदान घरातल्या माणसानं ओढावी." आणि बुडबुडा सापडल्यावर म्हणाले, "कागदाचं काय झालं?"

"वर गेलाय."

"जाऊ दे. वर गेला म्हणजे बघत असतील."

मागच्या थंडीत अप्पा गेले. फ्लूचं निमित्त. शेवटपर्यंत नव्या गिऱ्हाइकाला सांगत होते, पोरगं परिवहनात आहे, मागच्या भागाला.

मी या प्रकरणाचा पुष्कळ विचार केला आहे आणि उपक्रमाचे नियमही वाचले आहेत. त्यानुसार खालील अर्ज परिवहन व्यवस्थापकांना पोचता केला आहे. तो इथं उतरवून ठेवतो, म्हणजे निदान एका ठिकाणी तो वाचला जाईल.

मे. साहेबांस सविनय सादर, की माझे वडील कै. गुरलिंग मल्लप्पा कोरे यांनी जोडबस गजराजच्या मागच्या भागाचे वाहक म्हणून एक वेळ काम केले. त्यांनी दिलेली बेल नियमानुसार होती, चालकाने ती ग्राह्य धरली, आणि बस सुखरूप बाहेर आली. सदर कामाचा कोणताही मोबदला त्यांनी घेतला नाही. त्या बसवर काम करणारास प्रथम कायम करण्याचे आश्वासन डेपो मॅनेजरांनी चारचौघांत दिले होते आणि ते आजतागायत रद्द झालेले नाही. सबब, कै. कोरे यांना त्या दिवसापासून उपक्रमाच्या सेवेत वाहक या पदावर कायम करण्यात यावे. ते हयात नसल्याने उपक्रमावर कोणताही बोजा पडणार नाही. गणवेश देताना मागून ढगळ नसेल असा द्यावा, ही नम्र विनंती.